जांभळा की गुलाबी

वर्गातली मुलं तिला मावशी म्हणत आणि तिची त्याला अजिबात हरकत नव्हती. हरकत होती ती त्या मेल्या गुलाबी रंगाला. सूक्ष्मदर्शकात डोळा घालावा तर गुलाबी. काच नवी घ्यावी, रंग नव्या बाटलीतला घ्यावा, तरी गुलाबी. शेजारी बसणाऱ्या वेणीवालीच्या काचेवर तेच जीवाणू, त्याच नळीतले, छान जांभळे होऊन घोसाघोसानं बसलेले असत. मावशीच्या काचेवर आले की यांचं काय बिनसायचं कोण जाणे.

कोण जाणे म्हणायचं ते उगीच. काय बिनसतं ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, मावशीलाही.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सगळ्यात आधी शिकवतात ते हेच. काचेवर जीवाणूंचा पातळ थर पसरायचा, ज्योतीवरून काच फिरवून तो पक्का करायचा. मग जांभळा रंग, त्यावर आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं आणि शेवटी गुलाबी रंग. ज्या जीवाणूंची भिंत जाड, ते जांभळा रंग धरून ठेवतात. ज्यांची पातळ, त्यांचा जांभळा धुतला जातो आणि ते शेवटचा गुलाबी घेतात. दोन जातींमधला फरक असा डोळ्यांना दिसतो. सगळी मेख त्या मधल्या धुण्यात. कमी धुतलं तर सगळेच जांभळे राहतात, जास्त धुतलं तर जांभळेसुद्धा गुलाबी होऊन बसतात.

आणि कमी धुणं मावशीला जन्मात जमलं नव्हतं.

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर लाँड्री चालवत होती. नवरा इस्त्री बघायचा, डाग मावशीकडे. शाई असो, गंज असो, रक्त असो, मावशीच्या हातून डाग तसाच राहिला असं कधी झालं नाही. हातात ओलं काही आलं की समोरचं लख्ख होईपर्यंत तो हात थांबायचाच नाही. आता त्याच हाताला सांगायचं, की बाबा रे, जरा डाग राहू दे! हात ऐकतोय कुठला.

"काचेवरून ओघळणारा थेंब बिनरंगाचा दिसला की थांबायचं, मावशी. लगेच." मॅडम सांगायच्या.

"हो मॅडम. पण अजून जरासा येतोय बघा."

"येऊ दे! थांबा!"

तोवर मावशीच्या हातून आणखी एक धार पडलेली असायची. मॅडम तिच्याहून बऱ्याच लहान, हुशार, आणि मनानं वाईट मुळीच नाहीत. पण एकच गोष्ट वर्षभर सांगून कुणाचाही जीव मेटाकुटीला येईल. एकदा त्यांचा तोल सुटला. "मावशी, इथं चादरी नाही धुवायच्या!" सगळा वर्ग खो खो हसला. मावशीही हसली, मग जिन्यात जाऊन रडली, आणि तोंड धुऊन पुन्हा बाकावर येऊन बसली.

मॅडमना माहीत नव्हतं, पण त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. चादरींपायीच तर मावशी इथं आली होती. जवळच्या एका दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे धुवायला येत. पांढऱ्याशुभ्र करून, कडक घड्या घालून ती पाठवायची. एक दिवस तिथली बाई येऊन म्हणाली, "तुमच्या धुतलेल्या चादरींवर जंतू सापडलेत. उद्यापासून दुसरीकडे देणार." मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या चादरीवर? तिनं चादर उजेडात धरून दाखवली. बाई म्हणाली, "ते असे दिसत नाहीत हो." म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीसाठी तिची नाचक्की! तेव्हाच तिनं ठरवलं, काय ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं. शाळेत असताना शास्त्र विषय तिचा होताच. मुलगी नोकरीला लागून दूर गेली तेव्हा मावशीनं कॉलेजात नाव घातलं.

"आयुष्यभर डाग काढलेस," नवरा म्हणाला, "आता डाग पाडायला शिकायचंय होय? मला विचारलं असतंस तर फुकट शिकवलं असतं." चेष्टा करायचा, पण तिच्या कॉलेजच्या दिवशी दुकान एकटा सांभाळायचा.

लेखी परीक्षेत मावशी चांगली पास झाली. पोरं तिच्याकडून भिंतीची रचना समजावून घ्यायची. प्रॅक्टिकल मात्र राहिलं, पुन्हा दिलं तर पुन्हा राहिलं. तिसऱ्यांदा राहिलं की नाव कमी, असा नियम. वेणीवाली केव्हाच पुढच्या वर्गात गेली होती, तरी मध्येच येऊन मावशीच्या मागे उभी राहायची आणि वेळ झाली की कानाशी "बास!" म्हणून ओरडायची. मावशी दचकायची, आणि दचकण्यात हातातली बाटली आणखी कलायची. शेवटी दोघींनी हात टेकले.

शेवटच्या परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, चष्मा कपाळावर चढवून बसणारे. प्रत्येकाला एक नळी मिळाली. आत काय आहे ते कुणाला सांगितलेलं नाही. रंग देऊन बघायचं, आणि जांभळा की गुलाबी, आकार काय, ते लिहायचं. वेळ एका काचेपुरता.

मावशीनं थर पसरला, काच ज्योतीवरून फिरवली, जांभळा रंग घातला, आयोडीन घातलं. मग अल्कोहोलची बाटली उचलली. थेंब गडद ओघळले, मग फिके, मग बिनरंगाचे. हात पुढे निघाला होता. मावशीनं डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बास!" सगळी मुलं वळून बघायला लागली. परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. मावशीनं मान खाली घालून काच पाण्याखाली धरली आणि शेवटचा रंग घातला.

सूक्ष्मदर्शकात बघितलं. बारीक काठ्या, सुट्या सुट्या, एकीवर एक न चढलेल्या. आणि गुलाबी.

तिनं कागदावर लिहिलं, गुलाबी. मग त्या शब्दाकडे बघत राहिली. पुन्हा गुलाबी? मनगट एवढं धरलं तरी? या वेळी कमी धुतल्यासारखं वाटलं खरं, पण या हाताचा काय भरवसा! या हातानं आजवर जांभळ्याला जांभळा राहू दिलाय कधी? चिडून तिचे कान तापले. मग तिला वाटलं, आपला हात काय करतो हे आपल्याइतकं कुणाला कळतं? ज्याअर्थी माझ्या काचेवर गुलाबी आलाय, त्याअर्थी तो मुळात जांभळाच असणार. तिनं गुलाबी या शब्दावर आडवी रेघ ओढली, शेजारी जांभळा असं लिहिलं, आणि कागद देऊन टाकला. क्षणभर तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

परीक्षक तिच्या सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिले. मग मॅडमना बोलावून म्हणाले, "बघा हो जरा." मॅडमनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मावशी!" एवढंच त्या म्हणाल्या.

"आजच्या काचांमधली ही सगळ्यात चांगली," परीक्षक म्हणाले. "नळीत गुलाबीच होता. मग हे खोडून जांभळा का लिहिलंत, बाई?"

मावशीनं उजवा हात पुढे केला. "माझा हात जास्त धुतो, सर."

"आज नाही धुतला. जे दिसतं ते लिहायचं असतं."

मॅडम त्यांच्याशी बाजूला जाऊन बोलल्या, पुष्कळ बोलल्या. काचेचे गुण मिळाले. उत्तराचे नाहीत, आणि उत्तर चुकलं की पास करता येत नाही. परत येऊन मॅडमनी ती काच टिपकागदात गुंडाळली आणि मावशीच्या हातात दिली. मावशीला त्यांचा राग आला, परीक्षकांचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा.

दुकानात आली तेव्हा नवरा कॉलरवर इस्त्री फिरवत होता. "काय झालं?"

"राहिलं."

त्यानं इस्त्री उभी केली. मावशीनं पर्समधून काच काढली, टिपकागद उलगडून गल्ल्याशेजारी ठेवली, आणि तोंडावर पाणी मारायला आत गेली. आत ती बराच वेळ नळाखाली ओंजळ धरून उभी होती.

बाहेर आली तर नवरा काच बल्बसमोर धरून डोळे बारीक करून बघत होता. हातात फडकं, शेजारी स्पिरिटची बाटली उघडी.

"केवढा चिवट डाग होता गं," तो म्हणाला. तिला जरा बरं वाटावं म्हणून त्यानं जीव लावून घासली होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. "पण काढला. बघ, कशी लख्ख झाली."

मावशीनं काच हातात घेतली. खरंच लख्ख होती, कोपऱ्यातसुद्धा काही उरलं नव्हतं.

"अहो, तो डाग नव्हता. ते माझं बरोबर आलेलं होतं."

नवऱ्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "बरोबर आलं होतं? मग नापास कशी केली तुला? आणि आता मी… अरे देवा, मी पुसून टाकलं की गं!"

"तुम्ही नाही," मावशी म्हणाली. "तुमच्या आधी मीच पुसलं."