टीव्हीवरचा बस्ता

बसलिंगप्पांनी टीव्ही पाहिला, ही बाळीवेशीत मोठीच घटना होती. साल पंचाहत्तर. टीव्ही मुंबई-पुण्याकडे, सोलापुरात त्याच्या नुसत्या गप्पा यायच्या. त्यामुळे पुण्याला साडूकडे जाऊन आलेल्या या कापडदुकानातल्या गुमास्त्याला गल्लीने कट्ट्यावर बसवलं आणि विचारलं, "काय दावलं सांगा की!"

खरं सांगायचं तर साडूच्या चाळीत टीव्ही एक आणि बघणारे शंभर. रात्री उशिरा छोट्या छोट्या विनोदी नाटुकल्यांचा कार्यक्रम लागला. पाहुणे म्हणून बसलिंगप्पांना खास जागा मिळाली, दाराबाहेर चपलांपाशी. तिथून त्यांना तासभर एका धिप्पाड गृहस्थाची पाठ दिसली. आतली माणसं हसून लोळत होती. पाठही अधूनमधून हलत होती.

आता एवढं भाडं खर्चून पाठ बघून आलो, असं कोण सांगेल? बसलिंगप्पांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "एक कापडदुकान असतंय. मोहोळची एकोणीस माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येत्यात."

हा बस्त्याचा किस्सा त्यांचा स्वतःचा होता. वीस वर्षं लुगडी उलगडता उलगडता त्यांनी गोळा केलेला. दोन वर्षं त्यांनी तो गणपतीच्या मांडवात करूनही दाखवला होता. पहिल्या वर्षी लोक पाणी प्यायला उठले. दुसऱ्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष भीमाशंकर यांनी मध्येच माइक घेऊन सापडलेल्या किल्ल्यांची घोषणा केली, आणि माइक काही परत दिला नाही. तिसऱ्या वर्षी नाव द्यायला गेले, तर "दुकानात करा की ते," असं सांगण्यात आलं.

पण आता गोष्ट निराळी. आता ते टीव्हीवरचं होतं! नवऱ्या मुलाची आत्या प्रत्येक लुगड्याचा पदर थुंकी लावून चोळते, रंग जात नाही म्हणून नाराज होते, मामा गादीवर घोरतो, आणि सगळी फडताळं रिकामी झाल्यावर आत्या म्हणते, "पोरगी बघायला उद्या जायाचं हाय. म्हणलं, आधी दर बघून ठिवावा." कट्टा पोट धरून हसला. "मुंबईवाल्यांनी मोहोळची माणसं कशी बरोब्बर उचलली बघा!" भीमाशंकर डोळे पुसत म्हणाले. मुंबईवाल्यांना मोहोळ कुठून ठाऊक, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. एकजण तर म्हणाला, "तुमी पूर्वी असंच कायतरी करत हुता. पण त्यात ही मजा न्हवती."

दोन वर्षं हे चाललं. बारशाला बस्ता, हुरड्याला बस्ता. हसू मिळत होतं, पण प्रत्येक हशानंतर लोक म्हणायचे, "काय डोकं असेल त्या मुंबईच्या माणसाचं!" ते डोकं समोर टोपी घालून बसलेलं असायचं. बसलिंगप्पांना ते फार लागायचं. एकदा तरी आपलं म्हणून लोकांनी हसावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सत्त्याहत्तरच्या गणपतीत भीमाशंकरांनी स्वतःच माइकवरून जाहीर केलं, "मुंबईच्या टीव्हीवर गाजलेला बस्ता, सांगणार आपले बसलिंगप्पा!" मांडव खच्चून भरला होता. बसलिंगप्पा उठले आणि म्हणाले, "टीव्ही मी बघितलाच न्हाय. मला पाठ दिसली नुसती. हे सगळं माझं हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "दुसऱ्याचं ढापताय व्हय?"

"बसलिंगप्पा, तुमच्याकडनं ही अपेक्षा न्हवती," भीमाशंकर म्हणाले. कलेची चाड त्यांना अचानक आली होती. "मुंबईच्या कलाकारानं घाम गाळायचा आन् नाव तुमी लावायचं?"

बायकांतून गिरिजाबाई उठल्या. चारचौघांत नवऱ्यासाठी बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. "त्यांचंच हाय ते. पुण्याला जायच्या आधीपासनं मी घरात ऐकतेय."

"बायकू नवऱ्याकडनंच बोलनार की!" मांडवाने निकाल दिला. लोक चपला शोधू लागले.

बसलिंगप्पांनी ते पाहिलं. त्यांनी कान पकडले. "चुकलो. टीव्हीवरचंच हाय. बसा, सांगतो."

लोक बसले. आत्याने पदराला थुंकी लावली आणि मांडव असा हसला की शेजारच्या गल्लीतून माणसं आली. शेवटी भीमाशंकरांनी, खरं कबूल केल्याबद्दल, बसलिंगप्पांना हार घातला.

घरी जाताना गिरिजाबाईंचे डोळे भरले होते. "आपलंच आसून कान का धरलासा ओ?"

बसलिंगप्पा हार काढत म्हणाले, "उठून चालले हुते की ते, गिरिजा."