चालून दाखवा

सरकारी दवाखान्याच्या बाकावर ताई सकाळपासून बसली होती. अपंगत्वाचा दाखला मिळाला तरच पेन्शनचा अर्ज पुढे सरकणार होता, आणि ही आमची तिसरी खेप. मी तिला बजावलं होतं, "आत गेल्यावर घरात चालतेस तशीच चाल."

डॉक्टर कागदावरून मान न उचलता म्हणाले, "चालून दाखवा."

ताईने पदर सारखा केला. डाव्या हाताने निऱ्या मुठीत धरल्या, त्यांच्या आडून मांडी घट्ट दाबली आणि भिंतीपर्यंत जाऊन आली. पोलिओने वाळलेला पाय जवळजवळ कळलाच नाही. ही चाल आईने शिकवलेली. ताईला बघायला आलेली मंडळी पोहे खाता खाता हेच म्हणायची, "चालून दाखव", म्हणून आई तिच्याकडून दुपारभर स्वयंपाकघरात फेऱ्या मारून घ्यायची. एवढं करूनही स्थळं गेली ती गेलीच. चाल तेवढी अंगात राहिली.

डॉक्टरांनी चाळीसच्या आत टक्के लिहिले. म्हणजे पेन्शन नाही.

जे जन्मभर झाकायला शिकवलं, तेच एका सकाळी टेबलासमोर उघडं करायचं म्हटलं, तर हात तरी कसा ऐकणार? पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मी दमले होते.

बाहेर येताच मी चिडले. "अगं, लंगडायचं होतंस ना!"

ताई पायरीवर टेकली. मुठीतल्या निऱ्या अजून सुटल्या नव्हत्या.

"चारचौघांत?" ती म्हणाली.