मी गाळलेली साळूमाय

कारंज्याहून वाशीमला जाणाऱ्या एस.टी.त भीमराव कंडक्टर तिकिटांना पंच मारत माझ्या बाकापर्यंत आले. एरवी मला पाहिलं की ते लांबूनच हात उंचावतात. त्या दिवशी तसं काही झालं नाही. तिकीट हातात देऊन ते म्हणाले, "आत्या गेली, गुरुजी. आठ दिवस झाले. तुमाले कळवाचं राहून गेलं." एवढ्यात पुढं उतरणाऱ्यांची गडबड सुरू झाली, ते दाराकडे गेले, आणि मी खिडकीबाहेरच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहत बसलो. त्या क्षणी मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवूनच आज लिहायला बसलो आहे. दुःख झालं, पण ते नंतर. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्याकडे बघून मान खाली घालायला लावणारं एक माणूस आता राहिलं नाही... असं वाटलं, आणि मालेगाव येईपर्यंत त्या वाटण्याचीच मला इतकी लाज वाटू लागली की शेजारच्या प्रवाशानं "तब्येत बरी नाही का?" म्हणून विचारलं.

भीमरावांची आत्या म्हणजे साळूमाय. अनसिंगच्या पलीकडे नदीकाठच्या एका लहान गावात आमची बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं चर्च, आहे. मंडळीची प्राथमिक शाळा आहे, एक लहानसा दवाखाना आहे, आणि कौलारू उपासना मंदिर. शाळेत मी सात वर्षं शिक्षक होतो. साळूमाय दवाखान्यात आया होती. मंडळीच्या नोंदीत तिचं नाव सालोमी, पण त्या नावानं तिला फक्त आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब हाक मारत, तीही उपासनेच्या वेळी. छप्पन साली तिच्या भावाच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ही ख्रिस्तीच राहिली. दोन्ही घरांमधल्या भिंतीच्या एका बाजूला बुद्धाची तसबीर आणि दुसऱ्या बाजूला हिचं बायबलमधल्या वचनाचं कॅलेंडर, पण कोणाच्या घरी काय शिजलं हे दोन्हीकडे सारखंच ठाऊक. लिहितावाचता येत नव्हतं. बोलायला मात्र कोणाला भ्यायची नाही. एकदा उपदेश फारच लांबला तेव्हा मधेच उठून म्हणाली होती, "पाळकसाहेब, देवाले घाई नसन, पण आमच्या चुली थंड्या पडून राह्यल्या!" सगळं मंदिर हसलं, पाळकसाहेबही हसले आणि त्यांनी लगेच प्रार्थना करून उपासना संपवली. बहात्तरच्या दुष्काळात दवाखान्याच्या ओट्यावर दुधाची बादली घेऊन ती बसायची. ओळीत उभं पोर ख्रिस्ती आहे, बौद्ध आहे की पाटलांच्या घरचं, हे ती बघायची नाही. ती फक्त त्याची नखं बघायची. वाढलेली असली तर आधी नखं कापायची आणि मग दूध द्यायची.

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी मंडळीला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. मोठा कार्यक्रम ठरला, बाहेरगावच्या मंडळ्यांना निमंत्रणं गेली, आणि मंडळीचा इतिहास पुस्तिकेच्या रूपानं छापायचा असं समितीनं ठरवलं. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर बरं होतं आणि मी त्या वेळी तात्पुरत्या नेमणुकीवर होतो, म्हणजे सांगितलेल्या कुठल्याही कामाला नाही म्हणण्यासारखी माझी स्थिती नव्हती. जुन्या नोंदी वाळवीनं खाल्लेल्या होत्या. पाळकसाहेब म्हणाले, "सालोमीबाईंना विचारा, पहिल्या माणसांपैकी त्या एकट्याच राहिल्यात." मग शाळा सुटली की मी दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसायचो. ती कापसाचे बोळे वळत सांगायची, मी लिहून घ्यायचो. पहिल्या उपासना कोणाच्या गोठ्यात झाल्या, गावविहिरीवर पाणी बंद झाल्यावर मंडळीनं स्वतःची विहीर कशी खणली, मंदिराच्या भिंतींचा चिखल तुडवायला नदीवरून पाणी आणणाऱ्या बायकांची नावं... सगळं तिला पाठ होतं.

आणि पहिल्या बाप्तिस्म्याची गोष्ट. आमच्यात बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात, आणि घेणारा स्वतःच्या मर्जीनं पाण्यात उतरावा लागतो. मिशनरी साहेब बैलगाडीतून आले होते, नदीला कमरेइतकं पाणी होतं, आणि तयार झालेली अकरा माणसं काठावर उभी होती. गाव बघायला लोटलं होतं. एकदा पाण्यात उतरलं की गावाशी, भावकीशी काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. "साहेब पाण्यात हात पुढं करून उभे," ती सांगत होती, "अन् गडी माणसं कोणी सदऱ्याच्या गुंड्या सोडून राह्यलं, कोणी पटका गुंडाळून राह्यलं. पाय कोणी टाकून नाही राह्यलं. मी पंधरा-सोळा वर्षांची. नवरा आदल्या साली मेला. मले वाटलं, आपलं आता काय जाचं राह्यलं? मी उतरली."

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. पाण्याची. मले पोहता येत नोतं." ती हसली. "वर आली, तोंडावरचं पाणी पुसलं, तं माह्या मागं गंगाराम दादा उतरून राह्यले होते. मंग सगळेच."

मी ते तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं. मला ते पान फार आवडलं होतं. आजवर मी जे काही लिहिलं त्यात तेवढं एकच पान खरोखर चांगलं होतं, असं मला अजूनही वाटतं.

गंगाराम दादा म्हणजे आमच्या डीकनसाहेबांचे वडील. डीकन हे मंडळीचे कारभारी, आणि शाळेच्या कमिटीचं अध्यक्षपदही त्यांच्याचकडे. माणूस वाईट नव्हता. शिस्तीचा होता, आणि वडिलांविषयी फार अभिमानी. मसुदा वाचायला त्यांनी घरी बोलावलं. चहा दिला. त्या पानाशी आल्यावर चष्मा काढून म्हणाले, "गुरुजी, बाहेरगावचे पाहुणे हे वाचतील. एक विधवा पोरगी आधी उतरली अन् आमचा बाप तिच्या मागून, हे बरं दिसते का?" मी म्हणालो, "साळूमाय तसं सांगतात." ते म्हणाले, "म्हातारीचं वय झालं. तुमी शिकलेले. तुमीच पहा." बस, एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. माझ्या कायम नेमणुकीचा कागद कमिटीपुढे आहे हे ते बोलले नाहीत. त्याची गरजही नव्हती, कारण घरी येईपर्यंत मी दुसरा कसलाच विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना पाढे लिहायला सांगून मीच लाल शाईनं ते पान खोडलं. 'या मंडळीतील आद्य बाप्तिस्मा गंगारामजी यांनी घेतला. त्यांच्यामागून इतर बंधू व काही भगिनीही पुढे आल्या,' असं लिहिलं. काही भगिनी! तिचं नावसुद्धा ठेवलं नाही. ठेवलं असतं तर प्रश्न उभा राहिला असता, असं त्या वेळी मी स्वतःला समजावलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात पुस्तिका वाटल्या गेल्या. साळूमायनं नवं लुगडं नेसलं होतं. जेवणं झाल्यावर पुस्तिका पदरात गुंडाळून ती माझ्याकडे आली, आजूबाजूला पाहुणे होते, आणि म्हणाली, "गुरुजी, माहं पान कोणतं, ते वाचून दाखवा." मी काय करायला हवं होतं ते आता सांगण्यात अर्थ नाही. मी पुस्तिका उघडली, समोरच्या ओळींवर बोट फिरवलं आणि जे खोडलं होतं तेच वाचून दाखवलं. माझं मलाच ते पाठ होतं. बैलगाडी, कमरेइतकं पाणी, गुंड्या सोडणारे गडी... 'आणि सर्वांच्या आधी सालोमी पाण्यात उतरली.' तिनं डोळे मिटून ऐकलं. "अजून एक डाव," म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिनं त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

त्यानंतर वर्षभर ती ते पान सगळ्यांना सांगत राहिली. विहिरीवर, दवाखान्याच्या ओट्यावर, भीमरावांच्या घरी. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी तिला काही म्हटलं नाही. मला ते कळत होतं आणि मी रस्ता बदलून जात होतो. दरम्यान माझी नेमणूक कायम झाली.

मग एका रविवारी उपासनेत साक्ष देण्याची वेळ आली. देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचं तो उभा राहून सांगतो. साळूमाय उठली. म्हणाली, "देवानं मले पह्यल्यानं पाण्यात बोलावलं. पुस्तकात तसं लिवलं आहे." डीकनसाहेब समोरच्या बाकावरून वळले. शांतपणे म्हणाले, "बाई, पुस्तकात असं कुठंच लिहिलेलं नाही. उगाच देवाच्या घरात बोलू नये." ती डीकनसाहेबांशी वाद घालणार असं मला वाटलं. तिनं तो घातला नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, अगदी निश्चिंत होती ती. "गुरुजी सांगतीन ना. गुरुजीनं वाचलं. सांगा, गुरुजी."

मी उभा राहिलो. मला वाटतं, मी उभा राहिलो तेव्हापर्यंत खरं बोलायचंच माझ्या मनात होतं. तोंडातून निघालं ते असं, "साळूमाय, तुमच्या ऐकण्यात काही फरक झाला असेल."

ती खाली बसली आणि पदरानं ओठ पुसले, जेवण झाल्यावर पुसतात तसे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या व्हरांड्यात आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. "त्या दिवशी वाचलं ते कागदात नोतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं."

"मंग काहून वाचलं?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." हेही पुरतं खरं नव्हतं.

ती अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे वळली. मग म्हणाली, "नदीत उतरली तवा मी कोणाकडं पाह्यलं नोतं, गुरुजी. काल तुमच्याकडं पाह्यलं." आणि गेली. त्याविषयी तिनं मला पुन्हा कधीही एक शब्द विचारला नाही. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा तीन दिवस उशाशी बसली, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, माझ्याशी नेहमीसारखी बोलली. दुसऱ्या वर्षी मी कारंज्याच्या शाळेत जागा मिळवली. लोकांना सांगितलं, मुलीच्या शिक्षणासाठी. खरं कारण ते नव्हतं.

भीमरावांनीच नंतर निरोप दिला की तिच्या आठवणीची उपासना अमुक रविवारी आहे. मी गेलो. ते स्वतः दाराशी चपला काढून मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याजवळ बसलो. आता पाळक नवे, तरुण आहेत. त्यांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? मी उठलो आणि सगळं सांगितलं. लाल शाई, मांडवातलं वाचन, त्या रविवारचं माझं वाक्य. मला वाटलं होतं मंडळीत खळबळ होईल, कोणी उठून जाईल. काहीच झालं नाही. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आमाले ठाऊकच होतं, गुरुजी. माही माय तिच्यासंग उतरली होती." दोन-चार माना हलल्या. सगळ्यांना माहीत होतं! त्या रविवारीही माहीत होतं. एवढ्या माहीत असणाऱ्यांतून तिनं एकट्या मला हाक मारली, कारण माझ्या हातात लेखणी होती आणि तिचा माझ्यावर विश्वास होता.

डीकनसाहेब आता थकले आहेत. मी बसल्यावर ते वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमी त्या दिवशी खरं बोलले असते, तं मी काय करणार होतो, गुरुजी? तुमचा कागद तं तवा कायम झालाच होता." ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. एवढ्या वर्षांत मी ज्याला भ्यालो असं समजत होतो, ते नव्हतंच तिथं.

साळूमायची एक सवय सांगायची राहिली. मंडळीतल्या बहुतेक बायकांना वाचता येत नाही, त्यामुळे गीत म्हणताना प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्या थांबत, आणि साळूमाय पुढची ओळ भरभर बोलून टाकी. मग सगळ्या मिळून ती गात. तिला सगळी गीतं तोंडपाठ होती. त्या दिवशी शेवटचं गीत सुरू झालं. पहिलं कडवं संपलं, आणि बायका सवयीनं थांबल्या. पेटी वाजत राहिली. कोणी ओळ दिली नाही. दाराजवळच्या चटईवर जिथं ती बसायची तेवढी जागा रिकामी होती, कोणी मुद्दाम सोडली नव्हती, पण तिथं कोणी बसलंही नव्हतं. माझ्या हातात गीतांचं पुस्तक उघडं होतं. पुढची ओळ मला दिसत होती. ती मोठ्यानं म्हणावी की नाही, म्हणण्याचा मला हक्क आहे का, हे मी ठरवत होतो... तेवढ्यात बायकांतून कोणीतरी ती ओळ सांगून टाकली, थोडी चुकीची, आणि सगळ्या जणी ती तशीच गायला लागल्या.