न आलेली गाडी थांबवणारा माणूस

वर्ध्याचं जुनं स्टेशन एके काळी असं गजबजलेलं होतं की, फलाटावर कापसाच्या गाठी रचल्या म्हणजे गावात सूर्य अर्धा तास उशिरा उगवायचा. हे मला तिथल्या म्हाताऱ्या पोर्टरनं सांगितलं. मी त्यात फक्त दहा मिनिटं वाढवलीत. पुढं गाड्या नव्या स्टेशनावर गेल्या, इथले रूळ गवतात बुडाले. पोर्टर मात्र गेला नाही. पितळी बटणांचा निळा कोट घालून तो रोज फलाट झाडायचा आणि गाडीच्या जुन्या वेळेला घंटा द्यायचा.

चोपन्न-पंचावन्नच्या सुमारास, माझ्या बहिणीच्या लग्नात, त्या रिकाम्या स्टेशनात आम्ही वऱ्हाड उतरवलं. वऱ्हाड आष्टीकडचं, बैलगाड्यांनी आलेलं. सकाळच्या पंगतीत तुपाची धार नवरदेवाच्या मामांच्या पानाआधीच आटली आणि मामा रुसले. मामांशिवाय नवरदेव बोहल्यावर चढेना, मुहूर्त तासावर आलेला, आणि मामा वळकटी घेऊन फलाटाच्या बाकावर. पुलगावपर्यंत रेल्वेनं जाईन, पुढं पायी, म्हणे. वडिलांनी पागोटं त्यांच्या पायांवर ठेवलं. त्यांनी पाय आखडून घेतले.

तेवढ्यात घंटा झाली. पोर्टर दोन निशाणं काखेत मारून आला. रुळांत एवढं गवत कसं, असं मामांनी विचारलं. उन्हानं रूळ तापू नयेत म्हणून पेरलंय, असं त्यानं सांगितलं, आणि ते असं सांगितलं की मलाही पटलं. मग त्यानं रुळाला कान लावला. शपथेवर सांगतो, माझ्या तळपायांखाली फलाट थरथरला. त्या माणसानं नुसत्या घंटेवर अख्खी गाडी आणली होती. दिसत नव्हती एवढंच.

"पाव्हणे," तो उठून म्हणाला, "मंगलाष्टकं होऊन जाऊ द्या जी. तवर गाडी थांबवून ठेवतो."

"माह्यासाठी?"

"तुमच्याचसाठी. लाटसाहेबासाठी बी नव्हती थांबवली."

मामा उठले. वळकटी बाकावरच ठेवली, बहुधा जागा धरायला. अक्षता पडल्या. पुढच्या पंगतीत तुपाची धार मामांपासूनच सुरू झाली आणि गाडीचं नाव कुणी काढलं नाही.

तिसऱ्या प्रहरी वळकटी आणायला मी फलाटावर गेलो. पोर्टर भर उन्हात रुळांमध्ये उभा होता, लाल निशाण आडवं धरून. लग्न लागलं, आता खाली करा, म्हणालो.

"मामा जाऊन नाई राह्यले ना जी?"

नाही म्हटल्यावर त्यानं लाल निशाण गुंडाळलं, रुळांतून बाजूला झाला आणि हिरवं दाखवलं. आणि मी, चांगला शिकलासवरला मास्तर, दोन पावलं मागं सरकलो.