दोन पेट्यांतले उंदीर

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे — खरंच ठाऊक नाही.

साठ-पासष्ट सालच्या सुमाराला तळेगावच्या एका लहान प्रयोगशाळेत मी सहायक होते. आमच्याकडे पांढरे उंदीर होते. पिल्लं असतानाच त्यांच्या मेंदूत विषाणू टोचलेला असे. काही मरत, काही बरे होत — खात, धावत, तुम्हाला शंकाही येणार नाही असे. प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांना मात्र शंका होती. बऱ्या झालेल्या उंदराच्या मेंदूत विषाणू दडून राहतो, असं त्यांना वाटे. म्हणून ते सहा-सहा महिने थांबून मेंदूच्या कापांत विषाणूचं प्रथिन शोधत. शेजारच्या पेटीत तुलनेसाठी न टोचलेले उंदीर असत.

दोन्हीकडचे दिसायला सारखेच. म्हणून कानाला खूण करायची — ते काम माझं. मी ते उद्यावर ढकलत राहिले. का? कंटाळा. दुसरं काही नाही.

एका दुपारी मी पेट्या उघड्या ठेवून बाहेर गप्पा मारत बसले. परत आले, तर उंदीर जमिनीवर, एकमेकांत मिसळलेले. मी ते गोळा केले, अंदाजानं दोन पेट्यांत भरले, पेट्यांवर ‘टोचलेले’, ‘न टोचलेले’ अशा चिठ्ठ्या अडकवल्या. आणि गप्प बसले.

महिन्याभरानं डॉक्टरांना न टोचलेल्या उंदरांच्या मेंदूत प्रथिन सापडलं. वर्षाचं काम वाया. त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं — मला आणि उंदीर बाहेर काढून पेट्या धुणाऱ्या, त्यांतला भुसा बदलणाऱ्या गंगूमावशींना. मावशी कान्हे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतून रोज यायच्या. मला भाकरीतली अर्धी द्यायच्या.

मी एवढंच म्हणाले, "भुसा मावशी बदलतात."

खोटं होतं का ते? शब्द खरे होते. म्हणून तर जिभेवर इतके सहज आले.

मावशी म्हणाल्या, "सायेब, मला वाचता येत न्हाई. म्हून मी चिठ्ठ्यांना कंदी हातबी लावत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत.

वर्षभरानं त्या लोणावळ्याच्या बाजारात भेटल्या. समोर लाकडाची मोळी, हात खरचटलेले. रागावतील असं वाटलं — रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"बाई, सायेबाचा राग गेला असंल का? मला परत घेत्याल का? तुमी इचारा की."

"विचारते," म्हणाले मी.

सोमवारी मी कामावर गेले. डॉक्टर एकटेच होते, दार उघडं होतं. त्यांनी विचारलंसुद्धा — काही हवंय का?

मी नाही म्हणाले.