माहीत असलेलं विचारलं तेव्हा

दिवाळी झाली की आई-बाबा वीटभट्टीवर जायचे आणि मला आश्रमशाळेत ठेवायचे. थंडीत एका चादरीत आम्ही दोघी-दोघी मुली झोपायचो. त्यातून शिकले, झरीच्या आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर झाले, पुढे मानसशास्त्रात एम.ए. केलं. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पुढचं मात्र लाज वाटते म्हणूनच लिहिते आहे.

डहाणू-तलासरीच्या शाळांत जाऊन मुलं शिकण्यात कुठे अडतात ते तपासणं, हे माझं काम. पहिलीतल्या एका मुलीला, तिला जमनी म्हणू या, मी चित्रं दाखवली. "हे काय आहे?" बकरी, कोंबडी, मडकं, सगळ्याला ती गप्प. आकलन फार कमी, विशेष शाळेत पाठवावं, असा अहवाल मी लिहिला. तशी शाळा जवळपास नाही, म्हणजे पोर आईबापाबरोबर भट्टीवर जाणार, हे मला कळत होतं. तरी सही केली. सोमवारी तो द्यायचा होता.

रविवारी आईने हट्टाने डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या देवळात नेलं. मी देवीला मानत नव्हते. जे मिळवलं ते स्वतःच्या अकलेवर, असं माझं म्हणणं. रांगेत पुढे एक म्हातारी होती, कडेवर नात. सवयीने मी नारळ पुढे केला आणि नातीला विचारलं, "हे काय आहे गं?" ती गप्प. म्हातारी वळली.

"बाय, तुला नारळ ठावा नाय का?"

"ठाऊक आहे की."

"मग तिला कशाला इचारतेस? पोरीला येडी समजतेस?"

आई तोंडाला पदर लावून हसली. माझे कान तापले. आमच्या पाड्यावर माहीत असलेलं कुणी विचारत नाही. विचारलंच तर आपली थट्टा चाललीय असं समजून पोर गप्प बसतं. आश्रमशाळेत पहिलं वर्षभर मीही तशीच गप्प होते. तेच मी विसरले होते. देवीसमोर मान वर होईना. काही मागितलं नाही, एवढंच म्हणाले, "चुकले, आई. आता तूच वाट दाखव." बाहेर आल्यावर म्हातारी दिसली नाही. ती कोण होती, यात मी शिरत नाही.

सोमवारी अहवाल फाडला आणि जमनीच्या घरी गेले. चित्रं तिच्याच हातात दिली, तिच्याकडे पाठ करून बसले. "मला दिसत नाहीत. काय आहे ते तू सांग."

मागून आवाज आला. "बकरी हाय. पन बाई, हिला दुधाचे सडच नाय काढले. काढनाराला बकरी म्हाईत नाय."

मग ती थांबेचना. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं नाही, ते बरंच झालं.

याआधी अशा गप्प पोरांच्या अहवालांवर मी सह्या केल्या होत्या. ती घरं शोधत फिरले. काही पोरं भेटली, काही भट्टीवर गेली ती गेलीच. ती लाज देवीने काढून घेतली नाही, घेऊही नये. आता पोरासमोर बसण्याआधी "मला काही माहीत नाही" असं मनात म्हणते आणि बाकी देवीवर सोडते.

जमनी त्याच शाळेत राहिली. यंदा ती चौथीत आहे, आणि धडा न अडखळता वाचते.