मधल्या घराची कमाई विचारायला गेलो तेव्हा

नातीला एकटीला पाठवायचं नाही, असा सुनेचा हट्ट, म्हणून मी निघाले. प्राचीचं काम असं : दहा वर्षांपूर्वी ज्या घरांत जाऊन वर्षाची कमाई विचारली होती, त्याच घरांत जाऊन परत विचारायची. मग सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीनं लावायची आणि बरोबर मधलं घर पाहायचं. सरासरी काढली की एकटा धनवान सगळ्यांना वर ओढतो म्हणे. मी म्हटलं, "म्हणजे पंगतीत मधल्या पानावर काय पडलं, ते पाहाचं!" ती म्हणाली, "आजी, हे कॉलेजात समजायला मला सहा महिने लागले." मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती टाइप करते. हे वाक्य तिनं खोडलं नाही म्हणजे नशीब.

खामगावहून सकाळची एसटी धरली. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे मला तिकीट नाही, प्राचीला अर्धं. स्टँडवर कचोरी खाऊन घ्या, पुढं पोटाची खात्री नसते. आम्हाला मात्र उलटंच झालं. वडनेर भोलजीला ज्या घरी जावं तिथं पोहे. चौथ्या घरी मी पोट धरून बसले. आकडेही पोह्यांसारखेच, भरभरून. प्राची खूश. "आजी, लोकांचं बरं चाललंय गं!"

दुसऱ्या दिवशी मलकापूरला गाडी बदलून धामणगाव बढे. रस्ता मधे मधे हाडं मोजतो. वय झालेल्यांनी पुढच्या सीटवर बसावं. तिथं कमलबाईचं घर. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, एक मुलगा, चौतीस वर्षांचा, पाच एकर कोरडवाहू. बाईनं खाटेवर कोरी चादर घातली आणि शेजारणीच्या पोराला शेताकडं पळवलं.

"वर्साले चार लाख कुठी नाही गेले," ती म्हणाली.

प्राचीनं जुना कागद काढला. त्यावर नवऱ्यानं सांगितलेले ऐंशी हजार. तिचे डोळे चमकले. मी मात्र पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात डोकावले होते. फळीवर तेलाची दहा रुपयांची पुडी, तीही दोरा बांधून ठेवलेली. चार लाखवाली बाई पुडीला दोरा बांधत नाही.

तेवढ्यात मुलगा आला. अंघोळ केलेली, केस ओले, नव्या शर्टावर घडीच्या रेषा अजून तशाच. माझ्या पाया पडला, प्राचीकडं बघायचं टाळून कोपऱ्यात बसला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सर्व्हे आहे, हे प्राचीनं दारातच सांगितलं होतं. पण आमच्याकडं मुलीचे लोक घर पाहायला येतात तेव्हा खरं काम कोण सांगतं? बैल पाहायला आलो म्हणतात. म्हातारी, सोबत लग्नाची मुलगी, आणि शेती किती, कमाई किती. दुसरं कोण असणार?

बोलायला हवं होतं. पण आकडे तरी पुरे होऊ दे म्हणून मी इथंही समोर आलेले पोहे खात बसले. बशी रिकामी झाल्यावर म्हटलं, "बाई, आमी सोयरिकीले नाही आलो. हे खरंच सर्व्हेचं काम हाय."

"मंग मघाच काऊन नाही सांगतलं?"

मुलगा उठून आत गेला. बाहेर आला तो जुन्या बंडीत, आणि शेताकडं निघून गेला.

कमलबाईनं चादरीचं टोक नीट केलं. मग प्राचीला म्हणाली, "लाख लिहा. तवाबी लाखच होतं. राशन कार्ड जाईन म्हनून मालकानं कमी सांगतलं होतं."

प्राचीनं खोडलं आणि लिहिलं. दहा वर्षांत कागदावर आधी पाचपट वाढलेलं घर जागचं हललंच नव्हतं. वडनेरचे पोहेही आता आम्हाला कळले. त्या घरांत प्राचीला पुन्हा जाऊन विचारावं लागणार.

निघताना कमलबाईनं माझा हात धरला. "पाहन्यात असंन एखादी, तर सांगजा. पन तिले लाखच सांगजा हो."

घरी येऊन महिना झाला. प्राचीच्या ओळीतलं मधलं घर खाली आलं, आणि ती हसेनाशी झाली. मी मात्र कमलबाईच्या पोरासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला. दोघांनीही पहिलं कमाई विचारली. मी लाख सांगितलं. एकानं पोरगी अजून शिकते म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं तेवढंही सांगितलं नाही.

काल तिसऱ्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून चार निघालं.

ते लोक रविवारी धामणगावला घर पाहायला जाणार आहेत. आज गुरुवार. मी चार सांगितले, हे कमलबाईला फोनवर सांगायला माझी जीभ उचलत नाही.